मागून धडक, आणि मेलेला विमा

कार्तिक संपता संपता दारव्हा–दिग्रस रस्त्यावर माझ्या गाडीला मागून पिकअपनं ठोकलं. दिवेलागणीची वेळ, गुरं घरी परतत होती. एक गोऱ्हा कळप सोडून रस्त्यावर आला, मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. मागच्याची थांबली नाही. बंपर फुटला, डावा मागचा लाइट गेला, डिकीचं दार आत दबलं. कोणाला खरचटलंही नाही.

पाच मिनिटांत पंधरावीस माणसं जमली आणि पहिला प्रश्न मलाच आला, "तुमी एकदम बिरेक कायले मारला?"

हा प्रश्न आपल्याकडे दर वेळी पुढच्यालाच विचारतात. पुढच्यासमोर जनावर येईल, रोही (नीलगाय) उडी मारेल, एखादं लेकरू धावेल. त्यानं ब्रेक दाबायचाच असतो. म्हणूनच मागच्यानं अंतर ठेवायचं. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही हेच आहे: पुढची गाडी अचानक थांबली तरी आपली थांबवता येईल इतकं अंतर हवं. पुढच्याची चूक कधीच नसते असं मी म्हणत नाही. अंधारात लाल दिव्याविना रस्त्यात उभी केलेली ट्रॉली असेल, तर दोष तिच्याकडेही जातो. कोर्टं तो वाटूनही देतात.

पिकअप चालवणारा पोट्टा वीसबावीस वर्षांचा, हात थरथरत होते. "काका, चुकलं जी." मी त्याच्यावर ओरडलो नाही. आधी दोन्ही गाड्या जागच्या जागी ठेवून फोटो काढले, नंबर आणि रस्ता दिसेल असे. मग लायसन्स पाहिलं. ते होतं. विम्याचा कागद पाहिला, तर मुदत जूनमध्येच संपलेली.

खरं सांगतो, डिकी दबल्याचं मला एवढं लागलं नाही जेवढं ती तारीख पाहून लागलं.

थोड्या वेळात त्याचे वडील आले. कोरडवाहू पाच एकर, कापूस आणि तूर. म्हणाले, "सोळा हजार भराचे व्हते जी, पेरणीत गेले. दिवाळीनंतर भरू म्हटलं." मी त्यांना दंडाचं सांगितलं नाही. पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडलं तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ते त्यांनाही ठाऊक होतं, गावात विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद एवढंच सगळे समजतात. मी त्यांना विचारलं, आज माझ्या जागी मोटारसायकलवर नवराबायको असते तर? थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा असता, तर जीव गेल्याची किंवा अपंगत्वाची भरपाई कंपनीनं दिली असती. विमा नाही म्हणजे ती भरपाई गाडीच्या मालकावर, म्हणजे याच पाच एकरांवर. ते खाली बसले.

आणि त्याच पिकअपमध्ये सकाळी कापूस वेचायला बाया जातात. मालवाहू गाडीत मालाशिवाय बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी प्रकरणात सांगून वीस वर्षं उलटली. विमा चालू असला तरी त्या बाया उघड्यावरच असतात. आपल्या भागात हे रोज चालतं आणि कोणी बोलत नाही, याचा मला राग येतो.

आता माझ्या गाडीचं. माझा पूर्ण विमा आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात धरलेलं, मग मी दावा का केला नाही, असं अनेकांनी विचारलं. खर्च निघाला १३,५०० रुपये. गाडी सहा वर्षांची. बंपर आणि लाइट प्लास्टिकचे, त्यांच्या किमतीतून घसारा, म्हणजे वापरून झालेली झीज, म्हणून ५० टक्के कापतात. रंगाच्या सामानाचंही तसंच, वर सुरुवातीचे १,००० आपले. हाती आले असते साधारण आठ हजार. पण पाच वर्षं दावा न केल्यामुळे मला हप्त्यात ५० टक्के सूट आहे, ती एका दाव्यात शून्यावर येते. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा माझा हप्ता सूट धरली नाही तर सहा हजारांच्या आसपास. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर साडेसात हजार जातात. चूक दुसऱ्याची, गाडी माझी उभी, आणि सूट माझी जाते. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. दोष नसलेल्याची सूट राखली पाहिजे.

पिकअपवाल्यावर दावा लावायचा तर यवतमाळला मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. साडेतेरा हजारांसाठी किती तारखा करायच्या?

म्हणून तिथंच कागद केला. तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, मागून धडक बसली हे वाक्य, रक्कम, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. "मोठी गाडी तुमची, सोडून द्या साहेब," असं लोक म्हणत होते. मी सोडलं नाही. एकट्यानं सोसून ती चूक मिटत नाही. (ज्यांचा विमा चालू आहे त्यांनी मात्र ठोकल्यावर परस्पर पैसे कबूल करू नयेत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली द्यायची नाही, अशी पॉलिसीत अटच असते. आधी कंपनीला फोन करा.)

एक गोष्ट मी त्या बापाला सांगितली: कापूस विकला की पहिला पैसा विम्याला द्या, माझा नंतर. आता भरलात तर मुदत दर वर्षी याच दिवसांत संपेल, हातात कापसाचे पैसे असताना. जूनमध्ये बियाणं घेऊ की विमा भरू, हा पेच पुन्हा येणार नाही.

डिसेंबरात त्यांनी थर्ड पार्टी भरला. माझे साडेआठ हजार आले आहेत, उरलेले पाच चणा निघाल्यावर देतील.