गर्भनलिका काढणं हा ‘धंदा’ नाही

आमच्या वहिनीची पिशवी काढायचं ठरलंय. गाठी वाढल्यात, अंगावरून जाणं थांबत नाही. त्याच वेळी दोन्ही गर्भनलिकाही काढू, अंडाशयं ठेवू, असं डॉक्टरांनी सुचवलं आणि ती तयार होती. तेवढ्यात डिचोलीच्या तिच्या फुगडी ग्रुपवर मेसेज आला: ‘कॅन्सर अंडाशयात होतो, नळ्यांचा काय संबंध? हा पैसे काढायचा धंदा. नळ्या गेल्या की लगेच म्हातारपण, हाडं ठिसूळ. त्यापेक्षा दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करा, निर्धास्त राहा.’ आता वहिनी नको म्हणते.

आधी तो ‘निर्धास्त राहा’ घेते, कारण त्यानेच जीव जाईल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याच दोन चाचण्यांचा मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: चाचण्या करूनही या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. सीए-१२५ तर गर्भाशयातल्या साध्या गाठींनीही वाढतं, पाळीतही वाढतं. म्हणजे वहिनीचा रिपोर्ट वाढलेला आला तर घरभर रडारड, आणि दुसऱ्या कुणाचा नॉर्मल आला म्हणून पोट फुगत असताना ती घरीच बसणार. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हा आकडा कित्येकदा नॉर्मलच असतो!

नळ्यांचा संबंध काय? अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सगळ्यात घातक आणि सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका जन्मतःच जास्त असलेल्या) बायकांच्या काढलेल्या नळ्या बारीक कापून तपासल्या, तेव्हा हे दिसलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून पिशवी काढताना किंवा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये नळ्याही काढायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात अशा २५,८८९ बायकांपैकी एकीलाही तो घातक प्रकार झाला नव्हता. अंदाजाने पाच तरी निघायला हव्या होत्या.

म्हातारपणाचं म्हणाल तर हार्मोन अंडाशयात तयार होतात, नळीत नाही. वहिनीची पाळी थांबेल ती पिशवी गेल्यामुळे. आणि पैशांचं? पोट उघडलेलंच असतं, नळ्या काढायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. उठून खास नळ्या काढायला जायची गरज सर्वसाधारण बाईला नाही. तिला हा कॅन्सर होण्याची शक्यता आयुष्यभरात साधारण शंभरात एक. शिवाय नळ्या काढल्या म्हणजे धोका शून्य झाला असंही नाही, आणि कॅनडातल्या त्या बायका अजून तशा तरुण आहेत. ज्यांना मूल हवंय, त्यांचा तर प्रश्नच येत नाही.

आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर ते ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. बीआरसीए दोष निघाला तर नुसत्या नळ्या काढून भागत नाही, अंडाशयंही केव्हा काढायची ते ठरवावं लागतं. आणि काढलेल्या नळ्या लॅबमध्ये तपासायला पाठवणार का, हेही विचारून घ्या.