‘आधी पोलीस ठाणं, मग दवाखाना’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. लैंगिक अत्याचार झाला तर आधी पोलीस ठाण्यात जा, एफआयआरशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. आंघोळ केली की पुरावा गेला. अंगावर जखम नसेल तर केस उभी राहत नाही. आणि तपासणी फक्त जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञच करतात, असं त्यात आहे. आमच्याच एका आशाताईंनी तो मला काळजीपोटी पाठवला. मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, आणि या चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिली सर्वांत घातक. २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-सी हे कलम आलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९७ आहे. रुग्णालय सरकारी असो की खासगी, अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचेच, आणि पोलिसांना कळवायचं कामही रुग्णालयाचंच. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम २०० खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीसाठी पोलिसांचं पत्र लागत नाही. पीडित लहान मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २७ सांगतं, तक्रार नोंदलेली नसली तरी तपासणी करा. सज्ञान बाई ‘मला तक्रार करायची नाही’ म्हणाली तर तिचा नकार लिहून घेतात, पण उपचार थांबवता येत नाहीत.

घाई का, तेही सांगते. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर तितकी उपयोगी. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, मग ती २८ दिवस घ्यायची. कागद आणा म्हणून परत पाठवणारे दवाखाने आहेत, हे मी नाकारत नाही. एका रात्रपाळीला असंच दोन ठिकाणांहून परतलेली मुलगी आईबरोबर आमच्या दारात आली होती. त्या दोघींना कायदा माहीत असता तर पहिल्याच दारात त्या अडून बसल्या असत्या.

आता आंघोळीचं. धुतल्याने पुरावा कमी होतो, संपत नाही. सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत, म्हणजे चार दिवस, नमुने घ्यायचे असतात, मग तिने आंघोळ केलेली असो की कपडे बदललेले. त्या वेळचे कपडे, अगदी धुतलेले असले तरी, बरोबर आणा. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ओलं कापड आत कुजतं, बुरशी धरतं. कागदात गुंडाळा. आम्हीही कपडे सावलीत वाळवतो आणि कागदी पाकिटात घालतो. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, हवेवर सुकवल्याशिवाय बंद करत नाही. मग लाखेचं सील, नाव, वेळ, सही, आणि पोलिसांना दिल्याची पोच. यातली एक नोंद राहिली तरी कोर्टात उलटतपासणीत तेवढंच धरून बसतात. हे काम किचकट आहे, पण चार दिवस उलटले तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. उपचार, तपासणी आणि तिने सांगितलेली हकीकत यांना अशी मुदत नाही.

जखमेबद्दल थोडक्यात. भीतीने गोठलेली बाई झगडत नाही, आणि प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं धरता येत नाही, हे बलात्काराच्या व्याख्येच्या कलमातच लिहिलंय. बलात्कार झाला की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. ‘दोन बोटांची तपासणी’, म्हणजे योनीत बोटं घालून बाईला आधी संबंधांची सवय होती का बघणं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल. कुणी करू लागलं तर नाही म्हणा.

राहिलं सिव्हिल. तपासणीला नोंदणीकृत डॉक्टर लागतो, स्त्रीरोगतज्ज्ञच हवा असं नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या एमबीबीएस डॉक्टरांना ती करता येते. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत बाई हजर हवी; मुलगी अठराच्या आतली असेल तर तपासणारी डॉक्टर बाईच लागते, आणि तेवढ्यासाठी पुढे पाठवावं लागलं तरी पहिली औषधं इथेच देऊन पाठवायचं. गाडी नसेल तर १०८ फुकट येते.

अमेरिकेत अशी तपासणी करायला खास शिकलेल्या नर्सेस असतात. आपल्याकडे अहवालावर सही डॉक्टरचीच लागते, पण पीडितेला धीर देणं, समजावून संमती घेणं, नमुने सुकवणं, सील करणं ही कामं आम्हीच करतो. मग शिकलेली नर्स, डॉक्टर आणि नमुने घ्यायचं किट घेऊन एखादी गाडी पाड्यावर का जाऊ नये? साठ किलोमीटरवर तिलाच का बोलवायचं? माझ्या कपाटात किट आहे, आणि रात्री कुणी बोलावलं तर मी निघायला तयार आहे.