टाकीचा पोचा हवेने निघत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला पाच वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. थोडक्यात तो असा: "जुन्या मोटरसायकलच्या टाकीला पोचा पडलाय? डेंटरकडे जाऊ नका, ते लुटतात. हेअर ड्रायरने पत्रा तापवा, लगेच बर्फ लावा, पोचा टक्कन बाहेर येतो. नाही आला तर टाकीची तोंडं बंद करून कॉम्प्रेसरने हवा भरा. आत गंज असेल तर रात्रभर कोला भरून ठेवा. छिद्र असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वेल्डिंग करून घ्या. उरलेला खड्डा लांबीने (पुट्टीने) भरा. इतकं करूनही जमलं नाही तर टाकी भंगारात द्या, कारण पोचा पडलेला पत्रा कमजोर झालेला असतो."

मी दुर्लक्ष केलं असतं. पण आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा आजोबांच्या गाडीची टाकी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे निघाला होता. हवा भरायला. टाकीत आदल्या दिवसापर्यंत पेट्रोल होतं. त्याला जिन्यात थांबवलं, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

माझा या कामाशी संबंध बाबांच्या जुन्या येझदी मोटरसायकलमुळे आला. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे मूळ टाकी आता नवीन मिळत नाही. पुण्यात नाना पेठेत नक्कल मिळते, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर एखादी अस्सल पण ठोकलेली सापडते. आमच्या टाकीला उजव्या बाजूला तळहाताएवढा पोचा होता आणि तळाला गंजाची तीन छिद्रं. भवानी पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे ती नेली, आणि पुढचे सहा शनिवार मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून काढले. खाली जे सांगते आहे त्यातलं निम्मं त्यांच्या हाताकडे बघून शिकलेलं आहे.

आधी ड्रायर आणि बर्फ. हा प्रकार कुठून आला ते समजण्यासारखं आहे. गाडीच्या प्लॅस्टिकच्या बंपरवर उकळतं पाणी ओतलं की तो मऊ पडतो आणि आतून ढकलला तर मूळ आकारात येतो, हे खरं आहे. मोटारीच्या छताचा किंवा बॉनेटचा मोठा, सपाट पत्रा नुसता आत दबलेला असेल, कुठे घडी पडलेली नसेल, तर तोही कधीकधी उसळून बाहेर येतो. पण टाकीचा पत्रा पोलादाचा, आणि टाकी सगळीकडून गोलाईत दाबलेली. पोलादाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा साठ अंशांनी तापवला तर तो जेमतेम ०.०७ मिलिमीटर वाढतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते. थंड झाला की तेवढाच परत आखडतो. वीट पडून एक सेंटिमीटर आत गेलेला पत्रा केसाएवढ्या हालचालीने बाहेर यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझा हात धरून तो पोच्यावरून फिरवला. "बोटांनी बघ पोरी, डोळ्यांनी नको." मधला खोलगट भाग बोटांना गुळगुळीत लागला. त्याच्या कडेला मात्र एक बारीक वळ लागला, नखाच्या कडेसारखा कडक. ते म्हणाले, पोचा मधे दिसतो पण अडकलेला असतो तो या वळावर. मधला पत्रा नुसता जागचा हलला आहे, वळावरचा मुडपला आहे, ताणला आहे आणि मुडपल्यामुळे कडकही झाला आहे. वळ सोडवला की मधला भाग जवळजवळ आपोआप येतो. म्हणून पोचा काढायचा तो पडला त्याच्या उलट्या क्रमाने: शेवटी दुमडलेली कड आधी आणि सगळ्यात खोल जागा सगळ्यात शेवटी. घाईघाईने मधोमध ठोकलं तर तिथला पत्रा पातळ होऊन वाढतो, मग तो कुठेच बसत नाही. अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करत राहतो.

त्या मजकुरात न लिहिलेली आणखी एक गोष्ट. ड्रायरच्या आत लाल होणारी तार असते. पेट्रोलची वाफ असलेल्या टाकीच्या उघड्या तोंडाजवळ ती लाल तार न्यायची, हा सल्ला देणाऱ्याने टाकी कधी हाताळली असेल असं मला वाटत नाही. काही ठिकाणी बर्फाऐवजी डिओडरंटचा डबा उलटा धरून फवारायला सांगतात. त्या डब्यातला गॅस बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, म्हणजे पेटणारा असतो.

हवेचा उपाय मला सगळ्यांत जास्त घाबरवतो, कारण तो ऐकायला पटतो. आतून ढकलायचंय, हातोडी आत जात नाही, मग हवेने ढकलू. आता हिशेब करा. टाकीची एक बाजू तीस सेंटिमीटर बाय वीस धरली तर सहाशे चौरस सेंटिमीटर होते. पंधरा पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे स्कूटरच्या चाकात असते त्याहून कमी हवेत टाकीच्या एका बाजूवर सहाशे किलोचा जोर येतो, आठ-नऊ माणसं उभी राहावीत तेवढा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभर पीएसआय सहज असतं. ते सगळं आत गेलं तर हाच आकडा चार टनांच्या वर जातो. पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपास, वीस गेजचा.

हा जोर पोच्यावरच पडावा असं हवेला कुणी सांगितलेलं नसतं. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा पातळ पापुद्रा वर येतो, जाड राहिलेली कड तशीच बसून राहते. टाकीचंही तेच होतं. पोच्याचा वळ ही त्या बाजूची सगळ्यात कडक जागा, त्यामुळे त्याच्याआधी सपाट बाजू फुगतात. खाली फ्रेमची नळी जाते ती पन्हळ दबून अरुंद होते आणि टाकी गाडीवर बसेनाशी होते. मग जोड सुटतात. मी पाहिलेल्या एका टाकीला मूळचा पोचा होता तसाच होता, आणि दोन्ही बाजूंना गालगुंड झाल्यासारखे फुगवटे आलेले. तो माणूस वाचला, टाकी गेली.

दाबलेली हवा फुटते तेव्हा तिच्यात साठलेला सगळा जोर एका क्षणात मोकळा होतो. गॅसच्या सिलिंडरची दाबचाचणी पाणी भरून करतात ती याचसाठी: पाणी दाबलं जात नाही, भेग पडली की दाब तिथल्या तिथे उतरतो. टाकी गळते का हे बघायला एक-दोन पीएसआय आणि बादलीभर पाणी पुरतं, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. त्याच्यावर जायचं नाही.

कोलाबद्दल थोडक्यात. त्यात फॉस्फोरिक अॅसिड असतं आणि ते गंजावर काम करतं, एवढं बरोबर. पण ते हजारात एका भागाहूनही कमी असतं, आणि साखर मात्र शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या वर. दहा लिटरची टाकी भरली म्हणजे आत किलोभर साखर ओतली. ती शिवणीत बसते, नीट निघत नाही आणि पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाते. त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) घ्या, लिटरला पन्नास-साठ ग्रॅम, कोमट पाण्यात. टाकी उघड्यावर ठेवा, झाकण घट्ट लावू नका कारण वायू सुटतो, आणि दर काही तासांनी टॉर्चने आत बघा. राखाडी पत्रा दिसला की काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. ओली सोडली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहते तेव्हाच हा गंज धरतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. त्यामुळे उभ्या गाडीची टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी तरी ठेवा, नाहीतर काठोकाठ भरलेली तरी.

आता वेल्डिंग. इथे मला शब्द जपून वापरायचे नाहीत: साबणाच्या पाण्याने एकदा विसळलेली टाकी वेल्डिंगला देऊ नका. पेट्रोल पाण्यात विरघळत नाही. ते पत्र्याच्या दुमडलेल्या जोडात आणि गंजाच्या पोपड्याखाली राहतं, आणि ज्योत लागून पत्रा तापला की तिथून वाफ होऊन बाहेर येतं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीला पेटते. दहा लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला एक मिलिलिटर पेट्रोल पुरतं, औषधाच्या ड्रॉपरचे वीस-पंचवीस थेंब. वास येत नाही म्हणून टाकी कोरडी आहे असं समजू नका. थंड टाकीला वास येणार नाही आणि तापल्यावर ती पेट घेईल. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण भरलेल्या टाकीत पेटायला लागणारी हवाच कमी असते. हे उलटं वाटतं, म्हणूनच माणसं फसतात.

मी शाळेत असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गॅरेजात हे घडलं होतं. पोऱ्याने टाकी नळाखाली धरली, रिकामी केली, आणि वेल्डरने ज्योत लावली. आवाज आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला. टाकीचा तळ उघडून पत्रा पाकळीसारखा वळलेला होता. त्या वेल्डरच्या उजव्या हाताची दोन बोटं नंतर कधी मिटली नाहीत. तो माणूस कामात कच्चा नव्हता. त्याला कुणीतरी "धुतली आहे" असं सांगितलं होतं.

आमच्या टाकीला मिस्त्रींनी आठ दिवस हातच लावला नाही. तीनदा गरम पाणी आणि कपड्याचा साबण, आत मूठभर नट-बोल्ट टाकून हलवणं, टाकीचा पेट्रोलचा नळ आणि झाकण काढून उन्हात उघडी ठेवणं. त्यानंतर टाकी अशी वाकडी धरून पाण्याने भरली की जिथे काम करायचं तेवढीच जागा पाण्याबाहेर राहावी आणि आत वाफ जमायला जागा उरू नये. काही ठिकाणी पाण्याऐवजी आर्गॉन हा न पेटणारा वायू सोडतात. बारीक छिद्रांना तर त्यांनी वेल्डिंग केलंच नाही. पत्रा घासून पांढरा केला आणि डाग देण्याचं जाड तांब्याचं हत्यार शेगडीत तापवून डाग दिला, म्हणजे वितळलेल्या कथलाने छिद्रं बुजवली. या कामात टाकीजवळ ज्योत आलीच नाही. घरी करण्यासारखं हे तरीही नाही.

लांबीबद्दल माझी तक्रार कमी आहे. पत्रा जागेवर आल्यावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंतची उणीव लांबीने भरतात, चांगले डेंटरही भरतात. बोटभर खड्डा भरला तर गाडीच्या थरथरीने ती सुटते, आणि छिद्रावर लावली तर खालून पेट्रोल तिला मऊ करतं.

राहिलं शेवटचं, पोचा पडलेला पत्रा कमजोर होतो म्हणून टाकी भंगारात द्या. कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन पाच मिनिटं उभं राहा. तिथे तांब्याचा हंडा मठारतात, म्हणजे सगळ्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवतात. ते शोभेसाठी आहेतच, पण त्याने भांडं कडक आणि टणकही होतं. ठोकल्याने धातू घट्ट होतो, पोलादही होतं. जास्त ठोकलं तर ते ठिसूळ होऊन चिरतं, म्हणून मिस्त्री मधेच थांबून तो भाग तापवून सावकाश गार होऊ देतात आणि पुन्हा काम करतात. टाकी खरोखर मरते ती गंजाने. नळ काढून तळाच्या पत्र्यावर आतून-बाहेरून टॉर्च मारा, अंगठ्याने जोर द्या. पत्रा कागदासारखा दबला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं तर तळ बदलावा लागेल, तेही होतं. नुसत्या पोच्यासाठी अस्सल टाकी टाकून नकली आणू नका. मी हाताळलेल्या नकली टाक्यांचा पत्रा पातळ होता आणि पन्हळ फ्रेमवर नीट बसत नव्हती.

आणि "डेंटर लुटतात" हे वाक्य. आमच्या टाकीचा पोचा काढायला मिस्त्रींना अकरा तास लागले, मी मोजले. वाकवलेल्या सळया टाकीच्या तोंडातून आत घालून, वळावर टेकवून, बाहेरून लाकडी हातोडीने हलके टोले. पन्नास टोल्यांनंतर हात फिरवायचा, पुन्हा पन्नास. जिथे सळई पोचली नाही तिथे पत्र्याला पितळेची पट्टी डाग देऊन जोडली, ती धरून पत्रा बाहेर ओढला आणि पट्टी काढून घासलं. अकरा तासांचे त्यांनी जे पैसे सांगितले तेवढ्यात आज दोघांचं हॉटेलातलं जेवण होत नाही. डेंटरकडे जाल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा: पोचा सळईने काढणार का ओढून, टाकी किती दिवस उघडी ठेवणार, आणि लांबी किती जाडीची लागेल. जो दुसऱ्या प्रश्नाला "आत्ता देतो करून" म्हणेल, त्याच्याकडून टाकी परत घेऊन या.