सक्तीचा प्रश्न उंबरठ्याच्या आतही विचारला पाहिजे

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि तळमळीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. प्रौढ माणसांमधले सर्व संबंध, मग ते बाजारातले असोत, शासनाशी असोत वा घरातले, परस्परसंमतीवर उभे असावेत आणि बळाचा वापर दुसऱ्याचे आक्रमण रोखण्यापुरताच व्हावा, ही लिबर्टेरियन भूमिका मी त्या लेखात मांडली होती. त्यावर आपले आक्षेप असे आहेत. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, अशा गरिबाची संमती नावापुरतीच असते. दुर्बलाला सबलापासून वाचवणारी एकमेव ढाल म्हणजे शासन, आणि आम्ही तीच काढून घ्यायला निघालो आहोत. शिवाय हा विचार नात्यांना करारपत्राच्या पातळीवर आणतो आणि आईच्या जागरणाचाही हिशेब मांडू पाहतो. अखेरीस आपण विचारलेत की, वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलाला हा विचार काय सांगणार आहे. यांपैकी नात्यांविषयीचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नात्यात किती द्यावे, किती सोसावे, कोणासाठी कशाचा त्याग करावा, याचे उत्तर लिबर्टेरियन विचार देत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. तो एकच मर्यादित प्रश्न विचारतो: या नात्यात कोणाला कोणावर बळजबरी करण्याचा अधिकार आहे का, आणि असल्यास तो कुठून आला? आई लेकरासाठी रात्रभर जागते तेव्हा तिच्यावर कोणाची सक्ती नसते, आणि म्हणूनच त्या जागरणाला आपण प्रेम म्हणतो. संमतीचे तत्त्व मोबदल्याचे तत्त्व नाही. देणगी, सेवा, मैत्री, आजारपणातली शुश्रूषा, हे सारे विनामोबदला असते आणि तरीही पूर्णपणे संमतीचे असते. आपण ज्याला करार म्हणून नाकारता, त्यातला व्यापारी भाग वगळला तरी एक गाभा उरतो, तो म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. तो हक्क नात्यातून काढून घेतल्यावर काय उरते, हे पाहण्यासाठी कल्पना लढवण्याची गरज नाही, कारण इतिहासात ते लिहून ठेवलेले आहे.

इंग्लंडच्या कॉमन लॉप्रमाणे, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या पारंपरिक कायद्याप्रमाणे, लग्न झाल्यावर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची जंगम मालमत्ता पतीची होई, तिने कमावलेली मजुरी पतीची होई, स्वतःच्या नावाने करार करणे किंवा दावा लावणे तिला सामान्यतः शक्य नसे. १८७० च्या कायद्याने तिला आपली कमाई स्वतःकडे ठेवता येऊ लागली आणि १८८२ च्या कायद्याने स्वतंत्र मालमत्तेचा अधिकार मिळाला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५१ साली हॅरिएट टेलर यांच्याशी विवाह करण्यापूर्वी एक निवेदन लिहून ठेवले होते. विवाहाचा कायदा पतीला पत्नीच्या व्यक्तित्वावर, मालमत्तेवर आणि वागण्याच्या स्वातंत्र्यावर जे अधिकार देतो, त्यांचा त्यांनी त्यात औपचारिक निषेध केला आणि ते अधिकार कधीही वापरणार नाही, असे वचन दिले. त्या निवेदनातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की, हे अधिकार कायदेशीररीत्या सोडून देण्याचा कोणताही मार्ग आपल्याला उपलब्ध नाही, हेही त्यांना नमूद करावे लागले. दोन सुजाण, प्रौढ माणसे समान अटींवर एकत्र येऊ इच्छित होती, पण अटी आधीच ठरलेल्या होत्या आणि त्या बदलण्याची मुभा त्या दोघांपैकी कोणालाही नव्हती. त्या काळच्या घरात करार फार झाला होता असे नाही. तिथे तो करणाऱ्यांच्या हातात नव्हता. (मिल यांना आजच्या अर्थाने लिबर्टेरियन म्हणता येणार नाही, कारण अर्थव्यवस्थेत शासनाला ते बरीच जागा देत, पण व्यक्तिगत आयुष्याच्या बाबतीत ही विचारधारा त्यांची ऋणी आहे.)

विसाव्या शतकातही हेच दिसते. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग हे वेगवेगळ्या वंशांचे जोडपे १९५८ साली वॉशिंग्टन येथे विवाहबद्ध झाले आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या आपल्या घरी परतले. तिथे अशा आंतरवंशीय विवाहाला कायद्याने बंदी होती, म्हणून काही आठवड्यांतच पोलीस रात्री त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. १९५९ मध्ये न्यायालयाने त्यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून त्या राज्यात पाऊल ठेवू नये, या अटीवर ती स्थगित केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्दबातल ठरवायला १९६७ साल उजाडले. त्या खोलीत शिरलेले हात बाजाराचे नव्हते आणि कराराचेही नव्हते. समाजाच्या नीतीचे रक्षण करायचे म्हणून बहुमताने शासनाला दिलेले ते हात होते.

आपण लिहिता की, बाहेर पडण्याचे दार सतत उघडे असेल तर नाती तकलादू होतात. काही नाती तुटतात, हे मी नाकारत नाही. परंतु उघडे दार केवळ बाहेर जाणाऱ्यांसाठी नसते, त्याचा परिणाम आत राहणाऱ्यांवरही होतो. अमेरिकेत १९७० च्या सुमारास अनेक राज्यांनी दोघांपैकी एकाच्या इच्छेवरही घटस्फोट मिळू शकेल असे कायदे केले. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हे कायदे झालेल्या राज्यांत स्त्रियांच्या आत्महत्या आणि घरातला हिंसाचार या दोन्हींत लक्षणीय घट झाल्याचे दाखवले. याचे कारण समजणे अवघड नाही. समोरची व्यक्ती निघून जाऊ शकते, हे ज्याला ठाऊक असते, त्याचा उगारलेला हात बऱ्याचदा उगारण्यापूर्वीच थांबतो. जी स्त्री घटस्फोट घेत नाही, तिलाही त्या कायद्याचे संरक्षण मिळते. नात्याचा टिकाऊपणा हाच एकमेव निकष मानला तर हे संरक्षण हिशेबात कुठेच येत नाही, आणि आपल्या प्रतिक्रियेत ते आलेले नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र संमतीचे तत्त्व एकटे पुरत नाही. मूल जन्माला येण्यास संमती देत नाही, आईवडील निवडत नाही, घर सोडून जाऊ शकत नाही. या प्रश्नावर लिबर्टेरियन परंपरेत मतभेद आहेत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्ड यांनी तर असे प्रतिपादन केले की, मुलाला खाऊ घालण्याचे कायदेशीर बंधन आईवडिलांवर लादता येत नाही. मला हे मत पूर्णतः चुकीचे वाटते. ज्या जिवाला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याला आपल्या कृतीने या जगात आणणारा माणूस त्या कृतीनेच जबाबदारी पत्करतो. ती पार पाडली नाही तर त्याने दुसऱ्याला संकटात ढकलून तिथेच सोडले, असाच त्याचा अर्थ होतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच म्हटले होते की, आईवडिलांचा अधिकार मुलाच्या हितासाठी असतो आणि मूल सज्ञान होताच तो संपतो. अधिकार कर्तव्यातून येतो आणि कर्तव्यापुरताच टिकतो, ही मांडणी मला आजही योग्य वाटते.

आता गरिबाच्या संमतीविषयी. उपाशी माणूस कमी मजुरीचे काम स्वीकारतो तेव्हा त्याच्यावर परिस्थितीची सक्ती असते, हे आपले म्हणणे खरे आहे. पण त्यापुढचा प्रश्न आपण विचारला नाहीत: त्याचे इतर पर्याय कोणी काढून घेतले? इंग्लंडमध्ये १८१५ साली धान्य कायदा झाला. देशातला गव्हाचा भाव एका क्वार्टरला (हे धान्याचे तेव्हाचे माप) ऐंशी शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विक्रीस आणण्यास त्याने बंदी घातली. तो करणाऱ्या संसदेत जमीनदारांचे वर्चस्व होते आणि किंमत भाकरी विकत घेऊन जगणाऱ्या कामगारांनी मोजली. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे चळवळ केली, तेव्हा कुठे १८४६ मध्ये ते कायदे रद्द करण्याचा निर्णय झाला. मुक्त व्यापाराची मागणी त्या वेळी गरिबाच्या ताटाची मागणी होती. हाच प्रकार आज परवान्यांच्या रूपाने दिसतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात सुमारे पाच टक्के कामगारांना आपला व्यवसाय करण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. आता ते प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याची पात्रता तपासण्याला माझी हरकत नाही, परंतु केस विंचरण्यासाठी किंवा घराची अंतर्गत सजावट करण्यासाठी जिथे महिनोन्‌महिने शिक्षण आणि शुल्क सक्तीचे होते, तिथे आधीपासून व्यवसायात असलेल्यांना स्पर्धेपासून संरक्षण मिळते आणि बाहेर उभा असलेला गरीब बाहेरच राहतो. त्याच्यापुढच्या वाईट पर्यायावर बंदी घातल्याने चांगला पर्याय आपोआप निर्माण होत नाही.

एवढे करूनही काही माणसे निराधार राहतील, आणि त्यांच्यासाठी काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. यावरही आमच्यात एकवाक्यता नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली श्रमाच्या कमाईवरचा कर सक्तीच्या मजुरीच्या तोडीचा ठरवला. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४४ मध्येच मान्य केले होते की, संपन्न समाजात प्रत्येकाला अन्न, वस्त्र आणि निवारा यांची किमान हमी देण्याने स्वातंत्र्याला धोका पोहोचत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ऋण आयकराची योजना मांडली. उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेलेल्या माणसाला शासनाने रोख पैसे द्यावेत आणि त्यांचे काय करायचे हे त्याने स्वतः ठरवावे, असे तिचे स्वरूप होते. मी हायेक आणि फ्रीडमन यांच्या बाजूचा आहे. फ्रीडमन यांच्या योजनेतला मदत घेणाऱ्याविषयीचा आदर मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात त्याला कोणाच्या दारात उभे राहून आपले चारित्र्य सिद्ध करावे लागत नाही.

शासन ही ढाल आहे, हे आपले वाक्य अपुरे आहे. त्याच हातात चाबूकही असतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १८९० साली कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे सक्तीचे केले, तेव्हा जादा डब्यांचा खर्च नको असलेल्या रेल्वे कंपनीचीही त्या कायद्याला नाराजी होती, आणि होमर प्लेसी यांनी त्याला दिलेल्या आव्हानात तिने सहकार्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये तो कायदा वैध ठरवला आणि विभाजन अनेक दशके कायम राहिले. यावर आपण म्हणाल की, वंशभेदाला बंदी घालणारा अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदाही शासनानेच केला. बरोबर आहे, आणि खासगी व्यवसायांवर बंधने घालणाऱ्या त्यातल्या कलमांना काही लिबर्टेरियन मंडळींनी विरोध केला होता, हेही बरोबर आहे. मी त्या विरोधाशी सहमत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या कायद्याने आणि शासनाने डोळेझाक केलेल्या हिंसेने माणसांची दारे बंद केली, तिथे दुसऱ्या दिवशी ‘आता सर्व काही संमतीने’ असे जाहीर करून अन्यायाचे परिमार्जन होत नाही. खुद्द नोझिक यांच्या सिद्धांतातही पूर्वीचा अन्याय दुरुस्त करण्याचे तत्त्व आहे. दुर्दैवाने त्याची आठवण फारशी काढली जात नाही. म्हणून मी शासनाचा लोप मागत नाही. शासनाने वापरलेल्या प्रत्येक सक्तीला कारण विचारले जावे आणि ते पटले नाही तर ती मागे घेतली जावी, एवढे मी मागतो. अमेरिकेतील सक्तीची लष्करभरती याच प्रश्नापुढे टिकली नाही. ज्या आयोगाने १९७० मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली, त्यात फ्रीडमन होते, आणि १९७३ मध्ये ती थांबली.

राहिला आईवडिलांना सोडून जाणारा मुलगा. तो वाईट वागला, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. अन्याय्य बळ न वापरताही माणूस वाईट वागू शकतो. त्याच्या भावंडांनी त्याच्याशी बोलणे सोडावे, मित्रांनी त्याला तोंडावर सुनवावे, वडिलांनी आपली मालमत्ता दुसऱ्या कोणाला द्यावी, हे सर्व त्यांच्या अधिकारात आहे आणि यापैकी कशालाही पोलीस लागत नाहीत. कायद्याने त्याच्याकडून पैसे वसूल करता येतील, पण मुलाला खेचून आणून आईच्या उशाशी बसवता येणार नाही. त्या आईवडिलांचे पोट भरणे मुलाच्या दयेवर अवलंबून असू नये, म्हणून वर सांगितलेली किमान हमी त्यांनाही मिळालीच पाहिजे. मात्र त्याने सांभाळण्याचे वचन देऊन घर किंवा जमीन आपल्या नावावर करून घेतली असेल आणि नंतर पाठ फिरवली असेल, तर तो वचन मोडून दुसऱ्याची वस्तू बळकावत आहे. अशा वेळी न्यायालयाने ती मालमत्ता त्याच्याकडून काढून आईवडिलांना परत द्यावी, आणि त्यासाठी लागेल ती सक्ती करावी.