हाताची नस कापली म्हणे!

आज बाबांना भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे... हाताची नस...?" पुढचं त्यांनी भुवयांनीच विचारलं. बाबा काही बोलले नाहीत. बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

बायपासचा वण आहे तो, हातातली धमनी काढून हृदयाला जोडलीय, म्हटलं. तर म्हणे, "बायपासचा? हातावर? प्रयोगच केला म्हणायचा डॉक्टरांनी. आमच्या मेव्हण्याची पायातली घेतली होती."

प्रयोग! अहो, पॅरिसमध्ये आलं कारपाँतिए या सर्जननी 1971 मध्ये हातातली ही धमनी हृदयाला जोडली होती. फसलंही तेव्हा. हातातून काढली की ही धमनी आकसते, त्यामुळे जोडलेल्या धमन्या बंद पडल्याचं दिसलं आणि ती पद्धत सोडून दिली गेली. मग बऱ्याच वर्षांनी, बंद पडल्या असं समजलेल्या त्यातल्या काही धमन्या चक्क वाहत्या सापडल्या. 1989 पासून पुन्हा सुरुवात झाली, आता धमनी न आकसण्याची औषधं हाताशी होती. बाबांनाही तशी गोळी होती. एवढ्या जुन्या गोष्टीला प्रयोग म्हणायचं?

चूक थोडी आपल्या बोलण्याचीही आहे. शीर, धमनी, मज्जातंतू, आपल्याला सगळं 'नस'च. नस आखडली, नस दबली, नस कापली. आणि शेवटचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आले. बाबांच्या मनगटाच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि मूठ आवळा-सोडा करायला लावली. तळवा पांढराफटक पडला. मग त्यांनी करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलला, दुसरा तसाच दाबलेला. काही सेकंदांत तळवा गुलाबी! हाताला रक्त देणाऱ्या धमन्या दोन, तळव्यात त्या एकमेकींना मिळतात. एक काढली तरी दुसरी हात सांभाळते, हे मला त्या तळव्याने शिकवलं. डावाच हात, कारण बाबा उजवे, आणि अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झालेली. नळी आत जाऊन आलेली धमनी जोडायला नको, असं सर्जन म्हणाले.

आणि खरं सांगते, तेव्हा मीच म्हणाले होते, "डॉक्टर, पायातलीच घ्या ना." म्हणजे आजच्या त्या गृहस्थांपेक्षा मी काही वेगळी नव्हते.

ते चिडले नाहीत. म्हणाले, पायातली शीर संथ, कमी दाबाच्या रक्ताला सरावलेली. तिला हृदयावर नेऊन धमनीचं काम लावलं की ती हळूहळू आतून जाड होते, दहा वर्षांत त्यातल्या बऱ्याच बंद पडतात. धमनी मुळातच त्या दाबाची. सगळ्यात भरवशाची छातीतली, ती हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला लावणारच. प्रश्न दुसऱ्या जोडणीचा होता.

बरं, मान्य. सगळ्यांना हातातली चालत नाही. हृदयाच्या धमनीतला मूळ अडथळा पुरेसा मोठा नसेल तर ती आकसून बसते, आणि पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल तर मनगटाला हात न लावलेला बरा. पायातल्या शिरेवर वर्षानुवर्षं ठणठणीत असलेली माणसंही आहेत. मेव्हण्यांना दीर्घायुष्य लाभो.

पण आपण विचारतो काय? "किती ब्लॉकेज?" चार म्हटलं की चार, जणू क्रिकेटचा स्कोअर. कुठली नळी कुठे लावणार, का लावणार, हे कुणी विचारत नाही. अँजिओग्राफीच्या आधी तर नाहीच नाही. तुमच्या घरी वेळ आली तर विचारा रे बाबांनो. सर्जन रागावणार नाहीत, आणि रागावले तर रागावू देत.

बाबांच्या डाव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला अजून बधिरपणा आहे. "मुंगी चालली तरी कळायची नाही," म्हणतात. हा त्रास झालाच, तो लपवत नाही. पण परवा बीपी बघायला आलेली मुलगी डाव्या मनगटावर नाडी शोधत बसली होती. दोनदा बोटं सरकवली, तिसऱ्यांदा चेहरा उतरला. बाबांनी तिचा हात हलकेच बाजूला केला, स्वतःच्या छातीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ती आता इथे राहायला आलीय." पोरगी इतकी हसली!

आज त्या गृहस्थांना हेच सांगायला हवं होतं बाबांनी. सांगितलं नाही. आत्ता खोलीत डोकावून आले. झोपलेत, आणि डाव्या बाहीचं बटण अजून लावलेलंच आहे.