पायाच्या बायपासची जखम आणि हळदीचा मेसेज

‘पायाची बायपास झाल्यावर जखमेत हळद-मध भरा, टाके निघेपर्यंत पाणी लावू नका, डाळ-अंडी-आंबट बंद, अँटिबायोटिक महिनाभर चालू ठेवा, आणि पाय खाली सोडून बसा म्हणजे रक्त उतरतं.’ हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय.

आधी हळद. या ऑपरेशनमध्ये बहुधा पायाचीच शीर काढून तुंबलेल्या धमनीला वळसा देतात. एक चीर जांघेत असते, आणि घोर तिचाच जास्त. तिथे कातडीची घडी, घाम, शौचाची जागा जवळ, लसिकाग्रंथींचं (लिम्फ नोड्सचं) जाळं. डेट्रॉइटचे सर्जन एमेरिक सिलाजी यांनी 1972 मध्ये अशा जखमेतल्या संसर्गाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: कातडी, तिच्याखालची चरबी आणि थेट ग्राफ्ट, म्हणजे वळशासाठी जोडलेली नळी. तिसऱ्या पायरीवर पाय जाऊ शकतो, जीवही. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या पिवळ्या रंगात लाली आणि पू दोन्ही दडतात. ड्रेसिंग करणाऱ्याला काही दिसतच नाही. औषधी मध वेगळा, स्वयंपाकघरातला वेगळा.

पाणी: टाके बंद आणि कोरडे असतील तर साधारण 48 तासांनी अंगावरून पाणी घ्यायला सहसा हरकत नसते, सर्जनला विचारून घ्या. टबात, नदीत बसू नका. मग जांघ टिपून कोरडी करा. पोट सुटलेलं असेल तर घडीत कोरडं गॉज ठेवा, दमट झालं की बदला.

डाळीने पू होतो हे आपल्याकडे आजीपासून ऐकलेलं. प्रथिनांशिवाय जखम भरत नाही, आणि लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्वही त्याच कामाचं. पथ्य साखरेचं पाळा. आणि तंबाखू? मिश्री, गुटखा, विडी यांचा मेसेजमध्ये शब्दही नाही! ज्या सवयीने धमनी बंद पडली तीच जखमही भरू देत नाही.

अँटिबायोटिकचा प्रतिबंधक डोस सहसा चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात. ऑपरेशननंतर निव्वळ प्रतिबंधासाठी तो लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितलंय. संसर्ग झालाच तर पू तपासून औषध ठरतं. खोल गेला असेल तर जखम उघडून धुतात, कधी मांडीचा स्नायू वळवून ग्राफ्टवर पांघरतात. घरच्या गोळ्यांनी हे होत नाही. पाण्यासारखा पिवळसर स्राव सतत येत असेल तर ती लसिका (लिम्फ) असू शकते. पिळू नका, दाखवा.

पाय खाली सोडण्याचा सल्ला ऑपरेशनआधीचा. तेव्हा रात्री ठणका लागला की रुग्ण पलंगावरून पाय लोंबता सोडतो, बरं वाटतं. आता रक्त पोचतंय, पाय सुजतो आणि सूज टाके ताणते. बसताना पाय वर, पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. घट्ट पट्टी मनाने बांधू नका.

जांघेतून रक्त येऊन आपोआप थांबलं तरी वाट पाहू नका. पुढचा रक्तस्राव मोठा असू शकतो. वाहत असेल तर हाताचा तळवा जखमेवर घट्ट दाबून धरा आणि तसंच हॉस्पिटलात न्या.