आजारी एकच, मग उपचार घरादाराला कशाला?

माझ्या मावशीच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या आठवड्यात तिने त्याची औषधे सुरू ठेवली, पण घरच्यांसह चाललेली समुपदेशनाची सत्रे बंद केली. त्याला कारण झाला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश : कुटुंबोपचार हे परदेशी खूळ आहे, त्यात घरातील गोष्टी चव्हाट्यावर येतात, आणि आजारी एक असताना सगळ्यांना बोलावणे म्हणजे आईवडिलांच्या माथी खापर फोडणे होय.

पहिला आरोप अज्ञानाचा आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला बोलावून उपचारांत सहभागी करून घेतले होते. चव्हाट्याचे म्हणाल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच ठरवला आहे.

खरा घात तिसऱ्या विधानाने केला. त्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते : १९४८मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी या आजाराचे मूळ आईच्या वागण्यात शोधले आणि पुढे कित्येक वर्षे असंख्य आयांनी तो दोष विनाकारण वाहिला. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली आहे. आज घरच्यांना बोलावतात ते आजार त्यांच्यामुळे झाला म्हणून नव्हे, तर सततची टीका, चिडचिड आणि अतिकाळजी यांनी तो उलटण्याचा धोका वाढतो म्हणून. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या २०१०च्या आढाव्यात उपचारांच्या ५३ चाचण्या तपासल्या गेल्या आणि औषधांच्या जोडीला कुटुंबासोबत काम केल्यास आजार उलटण्याचे प्रमाण बरेच कमी होऊ शकते, असे आढळले. अनेक चाचण्यांचा दर्जा बेताचा असल्याने हा लाभ फुगलेला असू शकतो, असेही आढावाकारांनी नोंदवले. तरीही तो सोडून देण्याजोगा नाही.

‘ऊठ, अंघोळ कर, गोळी घेतलीस का, असा किती दिवस बसणार?’ हे सारे मावशी एका दमात विचारायची. एका वेळी एकच गोष्ट, शांतपणे सांगायची, हे ती त्या सत्रांत शिकली; काका तर आजाराला आळस म्हणायचे थांबले. झोप कमी होणे हे मुलाच्या बाबतीत पहिले धोक्याचे लक्षण आहे, हेही तिथेच सगळ्यांनी मिळून लिहून काढले. तो कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे, आणि मुलगा तीन रात्री नीट झोपलेला नाही.